मापातला उजेड

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. घरात सिनेमा दाखवणारा, शिलाई मशीनच्या झाकणाएवढा. थिएटरमधले माझे दांडगे भाऊबंद निराळे. ते शंभर-दोनशे माणसांना एकदम रडवतात. माझं काम चार-पाच जणांपुरतं. अंगानं लोखंडी, रंगानं राखाडी, आणि स्वभावानं म्हणाल तर बडबड्या. चालू झालो की खर्रखर्र सुरू. लोक त्याला कटकट म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं माझी मोटर बसवली, दुसरीनं पंखा बसवला, तिसरीनं भिंग पुसून पुसून लख्ख केलं. शेवटच्या बाईनं माझ्या पोटात दिवा बसवला आणि बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. "उघडले गं बाई यानं डोळे," ती शेजारणीला म्हणाली. मग तिनं माझ्या दिव्याच्या झाकणाला आतून एक पत्र्याची पट्टी ठोकली. तिच्यावर कोरलं होतं : बारा व्होल्ट, पन्नास वॅट. माझी भूक तेवढीच. जास्त वाढलं तर मला सोसत नाही.

हातोहात फिरत मी एका शिंप्याच्या घरी आलो. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या. घरात शिंपी, त्याची बायको आणि दोन वेण्यांची एक लेक. तिला सगळे ठकू म्हणत. शिंप्यानं माझ्यासोबत एक छोटा कॅमेराही घेतला होता. फिल्म महाग, त्यामुळे जपून जपून त्यानं एकच रीळ भरलं. "घरातल्या सगळ्यांचं चित्रण करणार," असं तो सांगत सुटला होता. प्रत्यक्षात पाहिलं तर सगळं रीळभर बायकोच! ती गच्चीवर चादर झटकतेय, चादर वाऱ्यानं तिच्याच तोंडावर येतेय, ती हसतेय. मधेच तिचा भाऊ, म्हणजे ठकूचा मामा, आपलं गुळगुळीत टक्कल घेऊन कॅमेऱ्यासमोरून निवांत चालत जातो. त्या वेळी घरात हमखास हशा पिकायचा.

काय दिवस होते ते! शिंपी दुकानातलं पांढरं अस्तर भिंतीवर ताणून लावायचा. शेजारपाजारचे लोक यायचे आणि माझी वाहवा व्हायची. ठकूची आई मात्र स्वतःला बघून लाजायची आणि सारखी बोलत राहायची. "अगंबाई, किती जाड दिसतेय मी! पुरे झालं, बंद करा आता." बंद कोण करतो?

पुढे ती आजारी पडली आणि गेली. त्यानंतर एकदा शिंप्यानं मला लावलं. चित्र अर्ध्यावर असताना माझा दिवा फट्‌दिशी गेला. त्यानं नवा आणला नाही. मला फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, शेजारी मूठ तुटलेली इस्त्री आणि जुन्या चपलांचं खोकं. माझ्या भिंगावर कोळ्यानं संसार थाटला. मी रागावलो नाही मित्रांनो, पण वाईट वाटलं हे खरं. रोज खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, हिला बोलायला मिळतंय, मी तेवढा गप्प.

मग एक दिवस मशीनही थांबली. शिंप्याच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. कडेकडेनं नजर विझत आली होती, मधे जेमतेम खिडकीएवढं उरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब घाला, पण तीही फार दिवस टिकेल असं वाटत नाही."

ठकू आता स्वतः केस पांढरे झालेली बाई होती. त्या संध्याकाळी बाबा तिला म्हणाले, "ठकू, मला तुझ्या आईला एकदा बघायचंय."

"अहो बाबा, हा काय भिंतीवर फोटो आहे."

"फोटोत ती गप्प बसलीय. ती कधी गप्प बसली होती का गं? मला ती चालताना-बोलताना बघायचीय. नजर आहे तोवर."

ठकूनं पदर खोचला, शिडी लावली आणि मला खाली उतरवलं. किती वर्षांनी कुणाचा हात लागला मला! धुळीनं माखलेलो असलो तरी मी शहारलो.

जळका दिवा घेऊन ती दिव्यांच्या दुकानात गेली. त्याच्यावरची अक्षरं केव्हाच करपून गेली होती. दिवेवाल्यानं दोन नवे दिवे पुढे ठेवले. "हा पन्नासचा, हा शंभरचा. पिना दोघांच्या सारख्याच. वडिलांना कमी दिसतं म्हणता ना? मग शंभरचाच न्या ताई. दुप्पट उजेड!" ठकूलाही ते पटलं. कमी दिसणाऱ्याला जास्त उजेड, यात चुकीचं काय? कुणालाही असंच वाटलं असतं.

पण मला तो दिवा पोटात शिरताच कळलं की आता धडगत नाही. पडदे ओढले, अस्तर भिंतभर ताणलं, बटण दाबलं. उजेड असा काही पडला की भिंतीवरची खिळ्यांची भोकंसुद्धा दिसली. माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. "अगं काढ, काढ!" म्हणून मी जीव तोडून ओरडत होतो, पण माझी भाषा काय, खर्रखर्र. ठकू खूश होऊन म्हणाली, "बघा बाबा, अजून आवाज तोच आहे."

बाबा मान इकडे वळवत होते, तिकडे वळवत होते. "काहीतरी पांढरं हललं. चादर का ती?"

"हो. आई शेजारीच उभी आहे."

"कुठे? मला नुसता दांडीवरचा चिमटा दिसतोय." त्यांनी मान वळवेपर्यंत ती दुसरीकडे सरकलेली असायची. एकदा खांदा सापडला, एकदा पाय. भिंतभर पसरलेली बायको त्यांना कुठेच सापडेना.

इकडे रीळ फिरवणारा माझा रबरी पट्टा उन्हातल्या मेणासारखा मऊ झाला आणि फिल्म अडकली. चित्र जागच्या जागी थांबलं, मधोमध तपकिरी डाग उठला, त्याचा फुगा झाला आणि भोक पडलं. ठकूनं धावत जाऊन प्लग उपटला. खोलीभर जळका वास पसरला.

"जळलं का गं?" बाबांनी विचारलं.

"थोडंसं."

"कुठलं?"

"मामाचं टक्कल."

बाबा म्हणाले, "जाऊ दे. तो तसाही नेहमी मधे मधेच यायचा." ठकू खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली. मामाऐवजी आई जळली असती तर, हाच विचार त्या दोघांच्या मनात होता. माझ्याही होता.

मी निवल्यावर तिनं माझं झाकण उघडून आतली काजळी पुसली, तेव्हा ती पट्टी दिसली. "बारा व्होल्ट, पन्नास वॅट," तिनं मोठ्यानं वाचलं. "अगंबाई! याच्या पोटातच लिहिलंय की सगळं, आणि मी गावभर विचारत फिरले!" ती दिवा बदलून घेऊन आली. "मी आपलं चांगल्यासाठी सांगितलं हो ताई," दिवेवाला म्हणाला. नवा पट्टाही मिळाला, फिल्मचा जळका तुकडा कापून उरलेली चिकटपट्टीनं जोडली.

आता मात्र ठकू धास्तावली होती. पुन्हा कुठे डाग उठला तर तत्काळ दिसावा, म्हणून तिनं मला अस्तराच्या अगदी पुढ्यात आणून ठेवलं. चित्र पोस्टकार्डाएवढं पडलं. लहान, पण काय ठसठशीत! बाबा माझ्या शेजारीच खुर्चीवर बसले होते.

"थांब," ते एकदम म्हणाले. "टेबल हलवू नकोस."

"बाबा, मी नुसतं तपासून बघतेय. मग मोठं करते."

"मोठं नको गं. मोठं माझ्या डोळ्यांत मावत नाही. जन्मभर लोकांना मापाचे कपडे शिवले आणि एवढं कळलं नाही मला! हे बघ, आली. डोक्यापासून पायापर्यंत आली तुझी आई."

ते तिला स्पर्श करायला पुढे झुकले, तसा त्यांचा हात उजेडात आला आणि चित्र अस्तरावरून उचलून त्यांच्या तळहातावर पडलं. जरा पुसट झालं, तर ठकूनं हलकेच माझं भिंग फिरवलं. बाबांनी हात तसाच धरला. हात अवघडला तेव्हा ठकूनं त्यांच्या कोपराखाली आपला हात दिला. त्या तळहातावर ती चादर झटकत होती, केस मागे सारत होती, काहीतरी बोलत होती.

रिळाच्या शेवटी ती हसत हसत कॅमेऱ्याकडे येते आणि चित्रण थांबवायला भिंगावर हात ठेवते. आजवर त्या जागी सगळे नुसते "संपलं!" म्हणायचे. त्या दिवशी तिचा हात पुढे पुढे येत मोठा झाला, बाबांच्या तळहातावर टेकला, बोटांवर बोटं आली. बाबांनी अलगद मूठ मिटली.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा. मायेनं पुसा, झाकण उघडा, त्याला काय सोसतं ते आधी वाचा आणि त्याच्या मापाचाच दिवा आणा. आणि घरात कुणाची नजर थकली असेल, तर नुसता उजेड वाढवत बसू नका. त्यांच्या जवळ जाऊन बसा.