‘पाहिलं’ म्हणजे काय

एक उणे चिन्ह हरवलं आणि त्याचा जाब माझ्या ताईला विचारला गेला.

ताई रुग्णालयाच्या औषधखोलीत पावडरी तोलते. काट्यावरचा आकडा संगणकात नेणारा छोटा प्रोग्राम आमच्या भांडारातून येतो. भांडार म्हणजे फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरचा साठा. कुणीही बदल पाठवावा, आमच्यापैकी दोघांनी त्याखाली ‘पाहिलं’ लिहावं, की तो हजारो संगणकांवर जातो. नोकरी सांभाळून असं ‘पाहिलं’ लिहिणारे आम्ही नऊजण आहोत.

मागच्या महिन्यात कुणीतरी ‘अनावश्यक चिन्हं काढली’ असा सहाशे ओळींचा बदल पाठवला. त्यात उणे चिन्हही गेलं. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला, मग भांडं उचललं, की काटा उणे १२.४ दाखवायचा आणि संगणक नुसतं १२.४ नोंदवायचा. ताई वहीतही लिहिते, म्हणून तिला फरक कळला. पण तिच्या साहेबांच्या मते यंत्र चुकत नाही, बाई चुकते. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा, नाहीतर काट्यावरून हटवणार.

“तुमच्या त्या दोघांनी काय पाहिलं होतं गं?” ताईने विचारलं. “छत?”

त्या दोघांतले एक आमचे मुकादम. वयाने आणि अनुभवाने मोठे, म्हणून हे टोपणनाव. सहाशे ओळींना त्यांचं ‘पाहिलं’ चाळीस सेकंदांत आलं होतं. मी मागचे शंभर बदल काढून वेळा मोजल्या. एकसष्ट बदल दोन मिनिटांच्या आत मंजूर झाले होते.

मी मुकादमांना फोन केला.

“अगं, दुरुस्ती पाठव, लगेच ‘पाहिलं’ लिहितो. एवढं तापायला काय झालं?”

“न वाचताच?”

“तुझ्यावर विश्वास आहे, बाई.”

माझं डोकं सणकलं. दुरुस्ती बाजूला ठेवून मी आधी दुसराच बदल पाठवला. नाव सरळ दिलं: ‘नियमात बदल’. त्यात चार ओळींचा नियम होता आणि तो तपासून बदल अडवणारा प्रोग्रामही होता. बरोबर दोन वाजता पाठवला. दोन वाजून चार मिनिटांनी दोन ‘पाहिलं’ आले, दुसरं मुकादमांचं. बदल लागू झाला. मग मी काट्याची दुरुस्ती पाठवली, ताईच्या काट्याचे आकडे जोडून.

चार वाजता त्यांचा फोन आला.

“दारात तेवीस बदल अडकलेत. माझं ‘पाहिलं’ परत येतंय. हा नियम कुणी मंजूर केला?”

“तुम्ही.”

“फसवलंस तू.”

“वरच नाव लिहिलं होतं, मुकादम. ‘पाहिलं’ एवढंच आता चालणार नाही. काय चालवून बघितलं आणि कोणता आकडा आला, ते लिहायचं. माझ्या दुरुस्तीपासून सुरुवात करा.”

ते धुसफुसले, पण त्यांनी ताईचे आकडे दोन्ही प्रोग्रामांना दिले. वीस मिनिटं लागली. मग लिहिलं: “जुना प्रोग्राम १२.४, दुरुस्त प्रोग्राम उणे १२.४.”

“झालं?” त्यांनी विचारलं. “तरी परत येतंय.”

“चौथी ओळ वाचा.”

“काय आहे त्यात?”

“वाचा म्हटलं ना.”

पलीकडून पुटपुटल्यासारखा आवाज आला. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काही वाचताना ऐकत होते. चौथी ओळ अशी होती: दुरुस्ती असेल तर मूळ चूक कुणी मंजूर केली, तेही लिहावं.

शेवटी त्यांनी लिहिलं: “मूळ बदल मी न वाचता मंजूर केला.” दुसऱ्या तपासणाऱ्याला पाऊण तास लागला. त्यानेही आकडे लिहिले.

मी ते पान छापून ताईला दिलं. तिने ते आपल्या खुलाशाला टाचलं. तिचा खुलासा एका ओळीचा होता: “वही पाहावी.”