सासूबाईंच्या गच्चीकडे निघालेला ड्रोन

आत्याच्या उजव्या अंगठ्याबद्दल त्या दगडखाणीत बरंच काय काय सांगतात. ती ड्रोन हवेत इतका निश्चल धरायची, की एकदा एका कावळ्याने त्यावर घरटं बांधायला घेतलं. कुणाला खोटं वाटलं तर आत्या ड्रोनच्या पेटीतून दोन वाळक्या काड्या काढून दाखवते. त्यावर कोण काय बोलणार?

आत्या साठीला टेकलेली. चौतीस वर्षं मोजणीत गेली; आधी साखळी, मग तिकाटण्यावरची दुर्बीण, आणि आता सहा वर्षं ड्रोन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो खाणीवर नांगरल्यासारख्या सरळ पट्ट्या मारायचा, फोटो काढायचा, आणि त्या फोटोंवरून खडीचे ढीग किती ते निघायचं. उडवण्याचा परवाना आत्याच्या नावावर. ड्रोन कुणाच्या डोक्यात पडला तर डोकं त्याचं फुटणार, पण परवाना आत्याचा जाणार. आणि परवान्यापाठोपाठ आत्याही घरी जाणार, टीव्हीसमोर, वाटाणे सोलत.

या सुरळीत कारभारात जावईबापू उगवले. जावईबापू म्हणजे आत्याच्या भावाचे जावई, आणि आत्याच्या वहिनींच्या गळ्यातला ताईत. वय तिशीचं, नोकरी वर्षातली तिसरी, आणि आत्मविश्वास एवढा की तिघांना वाटून वर उरावा. त्यांनी खाणमालकाला गाठून सांगितलं, की तुमच्या आत्या अजून हाताने उडवतात, जग कुठे गेलं. आपल्याकडे एक ॲप आहे. ड्रोनच्या कंपनीचं नव्हे, बाहेरचं, त्याहून भारी. बटण दाबायचं आणि चहा प्यायचा. मालकाला चहा आवडायचा. त्याने ठरवलं, सोमवारी जावईबापूंनी उडवून दाखवावं. जमलं तर पुढच्या महिन्यापासून तेच, आणि आत्यांनी आता आराम करावा.

गंमत अशी, की आत्याही चार वर्षं बाहेरचंच ॲप वापरत होती. कंपनीच्या ॲपला पट्ट्या मारता यायच्या नाहीत, मग करणार काय? पण तिने ते रीतसर दुकानातून घेतलं होतं, आपला ड्रोन त्याच्या यादीत आहे का ते पाहून. पलीकडच्या ओसाड मैदानावर वीस मीटरवरून चाळीस वेळा चालवून बघितलं, तेव्हा कुठे खाणीवर आणलं. आणि उडताना ती रिमोट दोन्ही हातांत धरून, अंगठा ॲपला थांबवणाऱ्या खटक्यावर ठेवून, आभाळाकडे बघत उभी राहायची. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारी हाताने उडवतेय. आत्याने कुणाचा समज खोडून काढला नाही. लोकांचा गैरसमज असला की प्रश्न कमी येतात.

सोमवारी सकाळी काट्याच्या खोलीत, जिथे ट्रक तोलले जातात, जावईबापूंनी ॲप चढवायला घेतलं. ते कुठल्या दुकानातून आलं नव्हतं. मित्राच्या मित्राने ग्रुपवर टाकलेली फाइल होती ती. फोनने तीन वेळा विचारलं, नक्की का? जावईबापू म्हणाले, फोन जरा घाबरट आहे. मग ॲपने मागायला सुरुवात केली. फोटो मागितले, मायक्रोफोन मागितला, मेसेज मागितले, सगळ्यांचे नंबर मागितले. पाहुण्याने घरात शिरल्या शिरल्या कपाटाची किल्ली मागावी तसं. जावईबापूंचं बोट 'हो' या शब्दावरून हललंच नाही.

"जावईबापू," आत्या म्हणाली, "ड्रोन उडवायला त्याला तुमच्या सासूबाईंचा नंबर कशाला लागतो?"

"परवानग्या असतात, आत्या. तुम्हाला नाही कळायचं."

आत्याने आणखी तीन गोष्टी विचारल्या. कंपनीचं ॲप मागे बंद केलंय का, दोघांची ओढाताण होते. फोनचा संबंध तुटला तर ड्रोन काय करणार, हे कुठे भरलंय? आणि पट्ट्या संपल्यावर तो जाणार कुठे? तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळालं, की सगळं ऑटोमॅटिक आहे. पुढे बोलावं तर म्हातारी जळते म्हणतील, आणि वहिनी वर्षभर तोंड वाकडं करून बसतील. जावई म्हणजे काही साधा माणूस नव्हे. साधा असता तर आत्याने त्याला केव्हाच ट्रकबरोबर काट्यावर चढवलं असतं. तिने एवढंच सांगितलं, की परवाना माझा आहे, तेव्हा मी रिमोटच्या हातभर अंतरावर उभी राहणार. जावईबापू हसले, आणि रिमोटचा पट्टा त्यांनी पदक घातल्यासारखा गळ्यात घातला.

ड्रोन उडाला. पहिली पट्टी सरळ गेली, दुसरीही गेली. जावईबापूंनी ड्रोनकडे पाठ केली आणि मालकाला भविष्यकाळाबद्दल सांगायला घेतलं. त्यात माणसं फारशी नव्हती, आत्या तर मुळीच नव्हती. मालक मान डोलावत चहा पीत होता. आत्या एकटी वर बघत होती.

सहाव्या पट्टीला फोन वाजला. सासूबाई.

झालं होतं असं, की ॲपने कपाटाची किल्ली वापरली होती. जावईबापूंच्या नावाने त्याने चारशे जणांना निरोप धाडला, की मी हे ॲप वापरतो, तुम्हीही घ्या. चारशेतल्या तीनशे नव्याण्णव जणांनी दुर्लक्ष केलं, आणि वहिनींनी फोन केला. आता शहाण्या माणसाने उडवायच्या आधी फोनची रिंग बंद केली असती, आणि अर्धवट शहाण्याने निदान फोन कापला असता. पण सासूबाईंचा फोन तिसऱ्या रिंगच्या पुढे जाऊ दिला नाही, या एकाच कर्तबगारीवर जावईबापूंची त्या घरातली सगळी पत उभी होती. त्यांनी रिमोटच्या चिमट्यातून फोन उपसला, वायर खेचून काढली, आणि फोन कानाला लावला.

"हो आई. बोला आई."

ड्रोनला काहीच वाटलं नाही. संबंध तुटला तर ठरलेलं काम पुरं करायचं, असं त्या ॲपने स्वतःच ठरवून ठेवलं होतं. त्याने उरलेल्या दोन पट्ट्या इमानाने मारल्या. मग खाली यायचं सोडून त्याने तोंड फिरवलं आणि तो कुंपणाच्या पलीकडे निघाला.

पलीकडे एक उंच इमारत बांधत होते. तिथे वर्षभरापासून मोठी क्रेन उभी होती, पण ॲपमधला नकाशा दोन वर्षांचा, त्याच्या लेखी तिथे मोकळं आभाळ. आत्या मात्र दर सोमवारी पेटी उघडायच्या आधी क्रेनचा हात कुठे आहे ते बघून घ्यायची. आज तो लोखंडी सळ्यांचा भारा घेऊन हळूहळू फिरत होता, आणि ड्रोन क्रेनवाल्याच्या केबिनच्या नेमक्या उंचीवर, नाकासमोर चालला होता.

गळ्यातला पट्टा सोडवायला वेळ नव्हता. आत्याने जावईबापूंच्या पोटावर लोंबणारा रिमोट तिथल्या तिथे धरला आणि खटका ओढला. ड्रोन जागच्या जागी थांबला. क्रेनवाला आजही सांगतो, की ड्रोन इतका जवळ होता, मी हात बाहेर काढून त्याची काच रुमालाने पुसली असती. सळ्यांचा भारा ड्रोनच्या खालून संथपणे निघून गेला. ड्रोन नीट दिसावा म्हणून आत्या चार पावलं डावीकडे सरकली, आणि पट्ट्याला बांधलेले जावईबापूही चार पावलं सरकले. ती मागे आली, तेही आले. फोन कानालाच.

"नाही आई, दम नाही लागला. जरा मान अडकलीय."

"वहिनी," आत्या वर बघतच, जावईबापूंच्या कानाच्या दिशेने म्हणाली, "ड्रोन तुमच्याकडे निघाला होता, मी परत वळवलाय. जावई मोकळे झाले की फोन करतील."

हा अंदाज तिने उगाच बांधला नव्हता. आदल्या दिवशी सासूबाईंच्या गच्चीवर मित्राचा ड्रोन उडवून दाखवल्याचं जावईबापूंनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, आणि क्रेनच्या पलीकडे त्या दिशेला दुसरं ओळखीचं कुणी राहत नव्हतं.

ड्रोन फळीवर उतरला, पाती थांबली. जावईबापूंनी मानेवरचा लाल वळ चोळला आणि मालकाला सांगितलं, की ॲपमध्ये बारीकसा बग आहे, पुढच्या अपडेटमध्ये जाईल. आत्याने त्यांच्या हातातून फोन घेतला, उड्डाणाची आखणी उघडली, आणि मालकापुढे धरली. कालच्या गच्चीवरच्या उड्डाणाचीच आखणी, मित्राकडून मागवून घेतलेली. जावईबापूंनी तिच्यावरच खाणीच्या पट्ट्या काढल्या होत्या आणि शेवटचा, उतरायचा ठिपका तसाच ठेवला होता. पाण्याच्या टाकीशेजारी, सासूबाईंच्या गच्चीवर.

मालकाने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या खडीची मोजणी यांच्या सासुरवाडीला संपणार होती?"

जावईबापूंना त्या क्षणी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. बूट बिननाडीचे होते.

"आत्या, तुम्हीच उडवत जा," मालक म्हणाला. "हाताने उडवलेलंच बरं."

"हाताने कुठे?" आत्याने बॅटरी काढून पेटीत ठेवली. "चार वर्षं ॲपच उडवतंय. मी नुसती त्याच्यावर भरवसा न ठेवायला उभी असते."

पुढच्या महिन्यात जावईबापू पुन्हा आले. वहिनींनीच पाठवले होते, काहीतरी शिका म्हणून. आत्याने त्यांना सिमकार्ड नसलेला, एकही नंबर नसलेला जुना फोन दिला आणि ओसाड मैदानावर उभं केलं, वीस मीटरवर, चाळीस वेळा. एकतिसाव्या वेळेला त्यांनी आपण होऊन विचारलं, की हा शेवटचा ठिपका कुठे आहे. आत्याने शाबासकी दिली नाही.

वहिनींनी मात्र ते ॲप घेतलं होतं. त्यांच्याकडे ड्रोन नाही, तरी घेतलं, जावयाचा निरोप होता ना. आणि ॲपने मत विचारलं तेव्हा त्याला एकच तारा देऊन खाली लिहिलं, "गच्चीवर दुपारपर्यंत थांबले. आला नाही."