खुर्चीतला माणूस

संशय घेणं हेच किरा लिओनिदोव्ह्ना झबेलिनाचं काम होतं. अंतराळयानाची खुर्ची एका शहरातून यायची, रेडिओ दुसऱ्यातून, हवा शुद्ध करणारं यंत्र तिसऱ्यातून. प्रत्येक कारखान्याचे लोक छातीठोकपणे सांगायचे, आमच्या वस्तूत खोट निघाली तर मिशा उतरवून देऊ. सगळ्या वस्तू कझाक माळावरच्या त्या लांबलचक शेडमध्ये एकत्र जोडल्या, की त्या एकमेकींशी नांदतात का हे किरा बघायची. "आख्खं सासर-माहेर एका खोलीत कोंडायचं आणि भांडण कुठं पेटतं ते ऐकत बसायचं," असं ती नव्या लोकांना सांगायची.

माणसाला पृथ्वीभोवती फिरवून आणायला सुरुवात होऊन अजून फार दिवस झाले नव्हते. जे गेले ते सुखरूप परतले होते, त्यामुळे मॉस्कोहून फोन यायचे ते "पुढचा कधी?" एवढंच विचारायला. आणि त्या वसंतात यानातला पंखा बंद पडायला लागला.

कायमचा नव्हे. चाचणी चालू असताना हिरवा दिवा विझायचा, पंख्याची घरघर थांबायची, आणि कुणी धावत जाईपर्यंत पुन्हा आपोआप चालू. माणूस बसतो त्या कोठडीत हवा फिरवणारा तोच एक पंखा. वर गेल्यावर तो थांबला, तर आतला माणूस स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरणार. पंखेवाल्यांनी पंखा सोडवून नेला, टेबलावर तीन दिवस चालवला. पठ्ठ्या एकदाही थांबला नाही. विजेरीवाल्यांची विजेरी, म्हणजे यानाची बॅटरी, ठणठणीत. तारांचे जोड तपासले, तेही घट्ट. मग बैठकीत जे व्हायचं तेच झालं. पंखेवाले विजेरीवाल्यांकडे बोट दाखवायला लागले, विजेरीवाले तारवाल्यांकडे, आणि तारवाले छताकडे.

"सगळ्यांचं सगळं बरोबर आहे म्हणता," प्रमुख ओसिप मात्वेयेविच थकून म्हणाले, "मग पंखा काय रुसून बसतो?"

त्या बैठकीला कोपऱ्यात कॅप्टन रुबान बसला होता. सुरक्षा खात्याचा धिप्पाड माणूस, खांदे दारात न मावणारे, आवाज मात्र दवाखान्यातल्यासारखा हळू. बैठक संपल्यावर तो किराच्या मागोमाग बाहेर आला.

"तुम्ही हुशार आहात, किरा लिओनिदोव्ह्ना. मग एवढं साधं कसं दिसत नाही तुम्हाला?"

"काय?"

"पंखा थांबतो, त्या दिवशी आत कोण बसलेलं असतं ते."

किराला आठवावंसुद्धा लागलं नाही. चाचणीच्या वेळी कुणीतरी खुर्चीत बसून समोरचे खटके दाबायचे आणि दिवे वाचून दाखवायचे असत. कधी सावा नावाचा काटकुळा तंत्रज्ञ बसायचा, कधी एमिल. एमिल फ्योदोरोविच बार्सुकोव्ह, यानातल्या खटक्या-दिव्यांच्या फळीचा अभियंता, तिच्याबरोबर सहा वर्षं काम केलेला, तिचा एकुलता एक खरा मित्र. सावा बसला की पंखा नीट फिरायचा. एमिल बसला की थांबायचा.

"योगायोग असेल," ती म्हणाली.

"असेल की," रुबान म्हणाला. "तो दुपारी जेवायला कुठं जातो, ठाऊक आहे? खानावळीत तर दिसत नाही."

तिला ठाऊक नव्हतं. तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा "फिरून येतो जरा, पोटाला बरं" असं काहीतरी एमिल म्हणाला होता. त्या वेळी तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं. एकदा मनात पाल चुकचुकली की जुन्या गोष्टीही नव्या दिसायला लागतात. एमिल बालपणाविषयी कधीच का बोलत नाही? आईचा विषय निघाला की चहा आणायला का उठतो? किराला स्वतःचीच लाज वाटली, पण यंत्रावर संशय घ्यायची सवय जडलेलं डोकं माणसापाशी येऊन थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या मागे गेली.

एमिल पाण्याच्या टँकरच्या वाटेनं निघाला, कुंपणाच्या फाटकावर पास दाखवून बाहेर पडला आणि रुळाच्या कडेकडेनं चालत राहिला. माळावर लाल ट्यूलिप फुलून गेले होते, काही दिवसांत ऊन त्यांची राख करणार होतं. बरंच चालल्यावर रेल्वेच्या कामगारांची चार-दोन मातीची घरं आली. एका घरासमोर डोक्याला पांढरं फडकं बांधलेली कझाक म्हातारी उभी होती. एमिलनं इकडेतिकडे बघितलं, कोटातून कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते झटकन ओढणीखाली लपवलं. मग दोघं आत गेली आणि दार लागलं.

बाहेरच्या कुणाशीही बोलायला बंदी होती. पुडकं देणं तर दूरच. किरा परत फिरली. पुडक्यात काय असेल याचे नाना तर्क तिनं वाटेत केले, आणि एकही चांगला नव्हता.

ती पोचली तोवर शेडमध्ये एक गोष्ट घडून गेली होती. रुबाननं एमिलला आत यायला बंदी केली होती. संध्याकाळच्या चाचणीला सावा बसला. दुसऱ्या सकाळीही सावाच. पंखा एकदाही थांबला नाही. शेडमधले लोक एकमेकांकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. कालपर्यंत एमिलच्या विनोदांवर खिदळणारा एक तारवाला हळूच म्हणाला, "मला आधीपासूनच त्याचं काहीतरी काळंबेरं वाटायचं हं."

रुबाननं किरासमोर कागद ठेवला. "पंखा फक्त बार्सुकोव्हच्या पाळीत थांबला. एवढंच लिहिलंय. यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा."

एक शब्दही खोटा नव्हता. तीच तर अडचण होती. खाली सही केली, की बाकीचं रुबान स्वतः जोडणार होता.

"उद्या देते," किरा म्हणाली.

"का बरं? कुणाला विचारायचंय?"

"पंख्याला."

तो हसला नाही. "उद्या सकाळी. त्यानंतर मी विचारेन, तुम्ही उशीर का केला ते."

किरा तडक एमिलच्या बराकीत गेली. तो लोखंडी खाटेवर बसून बुटाला टाका घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आलीस? मला वाटलं कालच येशील."

"काल?"

"अगं, मागे येत होतीस ते दिसलं मला. माळावर लपायला झाड तरी आहे का एखादं?"

किरा दारातच उभी राहिली. "कोण आहे ती बाई? पुडक्यात काय होतं?"

"चहा, साखर आणि डोळ्यांत घालायचं औषध." एमिलनं बूट खाली ठेवला. "ती बिबी-आपा. इकडं वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात. युद्ध सुरू झालं तेव्हा आम्हाला गाडीत भरून इकडं आणून टाकलं. आई जर्मन वंशाची होती माझी, आणि युद्ध जर्मनांशी. बाबा आघाडीवर मेलेले. हिवाळ्याच्या तोंडाला उघड्या माळावर उतरवलं, म्हणाले, जगा. आपानं घरात घेतलं. तिची स्वतःची चार पोरं, त्यात आम्ही दोघं. आई दुसऱ्या वर्षी गेली. पुढं काकांनी मला शोधून नेलं, त्यांचं नाव बार्सुकोव्ह, सगळं रशियन. कागदावर आईचा वंश कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही. आता नशिबानं नोकरी मिळाली ती आपाच्या दारात. जायचं नाही म्हणतेस?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुलाही लपवावं लागलं असतं. नाहीतर कळवावं लागलं असतं. दोन्हीपैकी तू काय केलं असतंस, याची मला खात्री नव्हती."

किराला ते लागलं. "यानाला हात लावलायस का तू, एमिल?"

"नाही."

"मग तू बसलास की पंखा का थांबतो?"

"मला काय माहीत! मी खटके दाबतो, सावा दाबतो तेच, त्याच क्रमानं." तो चिडून उठला. खाटेच्या स्प्रिंगा कुरकुरत वर आल्या. सदऱ्याचं मधलं बटण ओढल्यासारखं ताणलं होतं, ते त्यानं वैतागून सोडलं. "आणि आपा जेवल्याशिवाय सोडत नाही. घोड्याचं मांस, तळलेले गोळे, वर साय. दोन महिन्यांत एक कपडा अंगाला येईना झालाय."

किरा त्या खाटेकडे बघत राहिली.

"बस," ती म्हणाली.

"काय?"

"खाटेवर बस. आता समोर झुक, खटका दाबतोस तसा." ती गुडघ्यांवर बसून खाली डोकावली. मग उठली आणि धुळीचे हातसुद्धा न झटकता म्हणाली, "सावाचं वजन तुझ्या निम्मं असेल."

"माझी चेष्टा करायला आलीस?"

पण ती निघूनही गेली होती.

सकाळी शेडमध्ये सगळे जमले. रुबान कागद घेऊन आला. किरानं हात मागे ठेवले. "सही करते. आधी एक चाचणी. पण खुर्चीत सावा नको. तुम्ही बसा."

"मी?"

"मी एमिलला पाठीशी घालते असं तुम्हाला वाटतं ना? मी दाखवलेलं तुम्ही मानणार नाही. स्वतः बसा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

रुबाननं ओसिप मात्वेयेविचांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. यात काय डाव आहे याचा अंदाज रुबान घेत होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं; पण सगळ्यांसमोर नाही म्हणायचं, तर तोही संशयच. त्यानं बूट काढले. पांढरा झगा त्याला पोटावर बंद होईना.

"कॉम्रेड कॅप्टन," सावा गंभीरपणे म्हणाला, "श्वास जपून सोडा. बटण उडालं तर रेडिओवाल्यांचा डोळा जाईल."

कुणीतरी खोकून हसू लपवलं. रुबान आत शिरला, खुर्चीत उताणा झाला. पंखा सुरू झाला, हिरवा दिवा लागला.

"डावा खटका," किरा बाहेरून म्हणाली. खट्. "आता उजवा, वरचा. जरा लांब आहे, झुकावं लागेल."

रुबान झुकला. दिवा विझला. पंख्याची घरघर थांबली.

मग आतून त्याचा आवाज आला, पहिल्यांदाच मोठा. "मी काही केलं नाही! हातसुद्धा लावला नाही मी!"

"माहितीय," किरा म्हणाली. "एमिलही हेच म्हणत होता."

खुर्चीखाली आरसा सरकवला तेव्हा सगळं दिसलं. खुर्ची मजबूत होती, बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं तितकीच. वजन पडलं की तिचा आधार बोटभर वाकायचा, पण मोडायचा नाही. तारवाल्यांनी तारा अचूक लांबीच्या कापल्या होत्या, चित्रात दाखवल्या तेवढ्याच. पण चित्रातली खुर्ची रिकामी होती. जड माणूस झुकला की आधार तारांचं जुडगं ओढायचा आणि पंख्याच्या जोडातली पिन क्षणभर सुटायची. माणूस सरळ झाला की पुन्हा जागेवर. खुर्ची किती वाकते हे तारवाल्यांनी विचारलं नव्हतं, खुर्चीवाल्यांनी सांगितलं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी असं म्हणतात; इथं खरोखर कावळ्याच्याच वजनानं फांदी तुटत होती.

"पण वर जाणारा माणूस तर सावाएवढाच," ओसिप मात्वेयेविच म्हणाले.

"त्याचा पोशाख, शिरस्त्राण, पाठीचं पॅराशूट धरा," किरा म्हणाली. "ते सगळं अजून यायचंय. ते चढवून तो बसला की एमिलएवढा जड होतो."

ओसिप मात्वेयेविचांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "बार्सुकोव्हला बोलवा," एवढंच ते म्हणाले.

जुडगं बदललं, थोडी ढील ठेवली. रुबाननं कागद फाडला नाही, घडी करून खिशात घातला. जाताना किराजवळ थांबला. "पंख्याचं कोडं सुटलं. पण दुपारी तो कुठं जातो, ते राहिलंच."

"भूक लागते त्याला."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला पंख्यापुरतं माहीत आहे, कॉम्रेड कॅप्टन."

त्यानं तिच्याकडे रोखून बघितलं आणि तो निघून गेला. तो पुढं काही शोधायला गेला का, त्याला सगळं कळलं आणि त्यानं गिळलं का, की दुसऱ्या कामात विसरला, हे किराला कधीच समजलं नाही. एमिलचा फाटकाबाहेरचा पास मात्र काही कारण न देता काढून घेतला गेला. मग डोळ्यांचं औषध किरा नेऊ लागली. आपा पहिल्यांदा दार उघडेना, फटीतून विचारायची, "तू सरकारी कचेरीची का?"

उन्हाळ्यात यान गेलं. तळघरातल्या खोलीत सगळे कान देऊन बसले होते. खरखरीतून माणसाचा आवाज आला, पंखा चालू आहे, हवा ठीक आहे, खिडकीतून समुद्र दिसतोय. लोक ओरडले, टोप्या उडाल्या, एमिलनं सावाला उचलून फिरवलं. मग तो किराजवळ आला.

"त्या दिवशी माळावर तुम्ही कुणासाठी आला होता, किरा लिओनिदोव्ह्ना? रुबानसाठी की स्वतःसाठी?"

शेडमध्ये परत आल्यापासून तो तिला 'तुम्ही' म्हणायचा, चारचौघांत आणि एकट्यातही.

"स्वतःसाठी. पंखा बिघडवणारा तू नाहीस याची खात्री करायला."

"की मीच आहे याची?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "दोन्ही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि तो गर्दीत परत गेला.

पुढच्या यानाची जोडणी शरदात सुरू झाली. या वेळी किरानं सगळ्या चाचण्या पूर्ण पोशाखातल्या माणसाला बसवून करायच्या ठरवल्या, त्यावर वाद झाले, वेळ कुठून आणायचा म्हणून सगळे गट तिच्यावर तुटून पडले. एमिल सगळ्यात पुढे होता. तिनं फळीच्या मागच्या तारा पुन्हा मोजायला सांगितल्या, तेव्हा तो 'तुम्ही' विसरून, हातातला पाना आपटून ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काल मोजल्यात मी त्या!"

"आज परत मोज," किरा म्हणाली. "तुझ्यावर माझा विश्वास नाही."

"नसू दे!" तो म्हणाला, आणि फळीच्या मागे शिरून मोजायला लागला.