हवालदारांची मोरी

"मना कमान नको. मना माजी मोरी पायजे," हौसाबाई पुन्हा म्हणाली.

प्रभाकरभाऊंनी पुन्हा हात जोडले. निवडणूक जवळ आल्यापासून भाऊंचे हात जोडलेलेच असत. चहा प्यायची तेवढी अडचण होई.

"काकी, हवालदारांचं नाव पार मोहने गावापासनं दिसंल. केवढी हाईट हाय बघा."

"आनि खाली खाचरात पानी तुंबलाय, त्याचा काय? तुमच्या कमानीच्या ओट्यानं रस्त्याखालच्या मोरीचा तोंड बुजवला. लावनी कुजतेय माजी."

"उद्घाटन होऊ दे. मग बघू."

हौसाबाईचा नवरा, शिवराम हवालदार, जाऊन वर्ष होत आलं होतं. फौजेत त्यांनी ट्रक चालवला, बर्फातल्या चौक्यांवर बटाटे पोचवले. लढाईचं कुणी विचारलं तर ते बटाट्यांचंच सांगत आणि माणसं हिरमुसून उठत. सुट्टीवर आले की ट्रंक ओटीवर टाकायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि आधी रस्त्याखालची मोरी मोकळी करायची. मग चिखलाच्या हातांनीच पोरीला खांद्यावर घ्यायचं. संध्याकाळी चिखल्यांनी खाल्लेले बायकोचे पाय कोमट पाण्यात धुवत बसायचे. आळी हसायची.

"ड्रायव्हर हाय मी," ते म्हणायचे. "आधी टायर बघतो."

कमानीवर मात्र ते रणगाड्यावर उभे होते. चित्रकारानं छाती रुंद केली होती, मिशी पदरची घातली होती.

"ह्यो कोन?" हौसाबाईनं दिराला विचारलं.

"दादाच की," धाकू म्हणाला. "खाली नाव हाय."

उद्घाटनाच्या आदल्या रात्री पावसानं झोडपलं. खाचर भरून पाणी मांडवात शिरलं. सकाळी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लाल गालिचा तरंगत होता. भाऊ खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "हवालदारांची वाट कुणी अडवू शकला नाय."

हौसाबाई उठली. घरी गेली आणि नवऱ्याची पहार घेऊन आली. मोरीचं तोंड कुठं ते तिला पाण्याखालीही ठाऊक होतं. ओट्याच्या कडेवर तिनं पहार घातली. काम भाऊंच्या मेहुण्याचं होतं, त्यामुळे फार मेहनत पडली नाही. कड ढासळली आणि पाणी घुसमटत, गुरगुरत पलीकडच्या ओढ्याला धावलं. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. पहार उचललेली हौसाबाई, शेजारी तिच्या दुप्पट मोठे भाऊ. खाली लिहिलेलं: वीरपत्नीचे श्रमदान. प्रेरणा, प्रभाकरभाऊ.

हौसाबाई खाचरात वाकून कुजलेली रोपं उपटत होती. अर्धी गेली होती. जिथं जागा मोकळी झाली, तिथं शेजाऱ्याकडून मागून आणलेली रोपं खोचत होती.

बांधावरून धाकू म्हणाला, "वहिनी, मेहुना सिमेंट घेऊन आलाय. परत बुजवनार मोरी."

"बुजवू दे," ती मान वर न करता म्हणाली. "पहार दारातच हाय. तुजा दादा तरी दर सुट्टीला काय करायचा?"