एकोणीस नंबरची जर्सी

फुटबॉल महासंघाच्या खुर्च्यांवर ठाण मांडून बसलेल्यांनो, तुम्ही एका माणसाचं फुटलेलं डोकं चोरलंत. लोक चपला चोरतात, सायकली चोरतात. तुम्ही टाके घातलेलं डोकं चोरलंत, आणि वर त्यालाच विचारता, नोंद कुठे आहे?

ज्याचं डोकं, त्याला सगळे मुकादम म्हणायचे. मैदानाच्या मधोमध उभा राहून हा उरलेल्या दहा जणांना कामाला लावायचा: तू मागे हो, तू त्याला धर, तू काय इथे फिरायला आलायस? अकरा वर्षं एकाच क्लबात घासला. गुडघा कुरकुरायला लागला तशी क्लबाने त्याला नदीपलीकडच्या क्लबाच्या गळ्यात मारला. तिथे चार वर्षं काढली आणि जाताना त्यांना कप जिंकून देऊन गेला. देशासाठी सव्वीस सामने. गोल फक्त दोन, पण उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवणारा हाच. बाकीचे मान आखडून घ्यायचे, हा पुढे करायचा.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तो दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवतो. शेजाऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावत उभा राहतो. बायको पोस्टात काउंटरवर बसते. दुपारभर तिला फोन: "अगं, तू आहेस कुठे?" अर्ध्या तासाने पुन्हा तोच. डॉक्टर म्हणाले, महासंघाचं उपचार केंद्र खास जुन्या खेळाडूंसाठी आहे, तिथे न्या, अजून वेळ गेलेली नाही. तिने अर्ज केला. दीड ओळीचं उत्तर आलं. खेळताना डोक्याला दुखापत झाल्याची नोंद आढळत नाही.

आढळेल कशी? परदेशातल्या त्या सामन्यात त्रेपन्नाव्या मिनिटाला मुकादमाचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. भुवईच्या वर फुटलं. आठ नंबरची जर्सी रक्ताने चिंब. पंच म्हणाला, ही चालणार नाही. जादाच्या जर्सी बसमध्येच राहिलेल्या. मग बाकावरच्या एकाने अंगातली एकोणीस नंबरची काढून दिली. मुकादम पट्टी बांधून, ती चढवून परत आत गेला आणि शेवटपर्यंत खेळला. टेबलावरच्या कारकुनाने मान वर न करता लिहिलं: आठ बाहेर, एकोणीस आत.

तो बाकावरचा कधीच मैदानात उतरला नाही. संघात त्याला पाहुणा म्हणायचे, कारण प्रत्येक दौऱ्यावर यायचा, जेवायचा आणि घरी जायचा. आज तो महासंघाचा चिटणीस आहे. बाकीच्या खेळाडूंना सगळं आठवतं. पण एकाला प्रशिक्षक व्हायचंय, एकाला निवड समितीत जायचंय. त्या नेमणुकांवर सही कोण करतो?

ती नवऱ्याला घेऊन सरळ चिटणिसाच्या खोलीत गेली.

"या या, वहिनी! काय मुकादम, ओळखलंस का?"

"पाहुण्या, पोट सुटलंय तुझं," मुकादम म्हणाला. जुनं त्याला लख्ख आठवायचं, गोंधळ आजचाच व्हायचा.

"भावजी, एक ओळ लिहून द्या," ती म्हणाली. "जर्सी तुमची, खेळले हे. बाकी काही नको."

चिटणिसाने चहात बुडवलेलं बिस्किट तोंडात टाकलं, पेनाच्या टोपणाने कान कोरला, टोपण निरखून पाहिलं आणि परत पेनाला लावलं.

"वहिनी, कागदावर आहे तेच खरं. मी खेळलो. सदतीस मिनिटं."

मुकादम मनापासून हसला. "अरे, तू तर टॉवेल गुंडाळून बसला होतास! थंडीने दात वाजत होते तुझे."

चिटणीस हसला नाही. हसून परवडणारं नव्हतं. त्या खुर्चीवर बसायला निदान एक आंतरराष्ट्रीय सामना नावावर लागतो, आणि याच्या नावावर हा एकच होता.

तो तिच्याकडे झुकला, आवाज उतरवून म्हणाला, "ह्याचं डोकं ठिकाणावर नाही हो. ह्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मुकादमाने ते ऐकलं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं, कशाचं ते विसरल्यासारखं.

तिला किळस आली. त्या माणसाची, त्या चहाची, आपण विनंती केली त्याची. चिटणिसाच्या मागे भिंतीवर एक मोठा फोटो होता, खेळाडू पाठमोरा, पाठीवर एकोणीस, खाली पितळी पट्टीवर चिटणिसाचं नाव. तिने तो खिळ्यावरून उतरवला आणि बिस्किटांच्या बशीवर आदळला.

"वहिनी, हे काय चालवलंय!"

"हे तुम्हीच ना, भावजी?"

"मीच. नंबर दिसतोय की."

"दिसतोय. डोक्याला ही एवढी पट्टीही दिसतेय, रक्त पार मानेपर्यंत आलंय." तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली. "आणा कपाळ पुढे. टाके दाखवा. नाहीत ना? मग सांगा, डोकं कुणाचं फुटलं होतं? बोला. उत्तर घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही."