घागरीची बाग

आमच्या धनगरवाड्याच्या वरल्या अंगाला गायरान हाय. माझ्या रतनआत्याची मेंढरं पिढ्यानपिढ्या तिथंच चरायची. सटवामामा, तिचा मालक, वारला तवापासून तिला मेंढरांबिगर दुसरं कोनी न्हाई. दुष्काळ पडला अन् साखर कारखान्याच्या चेअरमनला, भगवानरावाला, पर्यावरन आठवलं. गायरानाला तारेचं कुंपन घातलं, आत रोपं लावली, फाटकावर पाटी ठोकली. मेंढरं झाडं खातात म्हनून आत जायाचं न्हाई. मी इचारलं, मंग गावातल्या म्हशी काय रोपाचा निस्ता वास घेत्यात का? त्या पल्याडच्या फाटकातून आत जायच्या ना.

रोपाला टँकर रोज यायचा. आमच्या दारावरून धुरळा उडवत जायचा, थांबायचा न्हाई. रोपं कवाच वाळलती, पन पानी ओतायचा हुकूम होता. पाइपवाला गडी डोळे झाकून खड्डे भरीत जायचा.

आत्या म्हन्ली, आता मेंढरं इकायला सिरसाळ्याच्या बाजारात न्यावी लागत्यात. म्हन्ली अन् तोंड फिरवून बसली. मला ते काय बगवलं न्हाई.

रातच्याला तारेखालून घुसलो. खड्ड्याखड्ड्यात घागर गळ्यापातुर पुरली, शेजारी वाळकं रोप व्हतं तसं खोसलं. सकाळी गड्यानं समद्या घागरी काठोकाठ भरून दिल्या. टँकर गेला की आमी त्या तारेवरून अल्याड घ्यायचो अन् रिकाम्या परत पुरायचो. मेंढरं पेली, समदा वाडा पेला. आत्या तोंडात पदर कोंबून हसायची.

मंग झाडं बगायला शहरातले पाव्हने आले. भगवानरावांनी फोटोसाठी झारीनं पानी घातलं, तर खड्डा डबडब वाजला. पाव्हन्यानं वाकून बगितलं. हे कोनतं झाड, म्हने.

म्या तारेपल्याडून सांगितलं, "घागरीचं हाय सायेब. दुष्काळात बी फळतंय."

पाव्हने हसले. भगवानराव बी हसले. दुसऱ्या दिसापासून टँकर बंद झाला.

आत्यानं मेंढरं इकली न्हाईत. गेवराईकडं, गोदाकाठाला घेऊन गेली. आता वाड्यात कुनाची चप्पल लपवली तरी मजा न्हाई, शिव्या द्यायला आत्या न्हाई.

परवा तिला फोन लावला. म्हन्लं, "आत्या, तार काढली. ये माघारी."

ती मंग म्हन्ली, "लिंबाखालचं गवत आलंय का रं?"

"गुडघ्याएवढं. मामा टेकायचा तो धोंडा बी दिसंना."

"कवळं हाय?"

"लई. वाऱ्यानं निस्तं लोळतंय."

तिच्याकडून मेंढरांचं ब्यां ब्यां ऐकू यायलं. माझ्यासमोर फाटकाला कुलूप व्हतं.

"लबाड बोलायलास तू, बंकट्या," आत्या म्हन्ली. "अजून सांग."