तुरटी फिरवलेलं पाणी

मी एक जुना फिशटँक आहे. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर नाक मुरडाल. माझ्या काचांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळले आहेत आणि तळाला नुसते ओसाड दगड पडले आहेत. तरी माझी कहाणी ऐका. ती सांगू शकेल असा या घरात दुसरा एकच जण आहे, आणि त्याची वाचा गेली आहे.

माझा जन्म संभाजीनगरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून गोधडीत गुंडाळून, रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत घालून मला टेंभुर्णीला आणलं ते संपत गुरुजींनी. गुरुजींनी उभा जन्म पोरांना भूगोल शिकवला. फळ्यावर समुद्र काढून काढून खडू झिजवले, पण जालना जिल्ह्यात समुद्र दाखवणार कुठून? निवृत्त झाल्यावर त्यांनी तो थेट बैठकीच्या खोलीतच आणला. जारच्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ विरघळवलं, दगड रचले, त्यांवर बोटांसारखी हलणारी मऊ प्रवाळं बसवली आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे सोडले. शाळेतली पोरं माझ्या काचेला नाकं लावून उभी राहायची. मीही तेव्हा मोठ्या रुबाबात होतो, खोटं कशाला सांगू?

येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, याचं पाणी किती दिवसांनी बदलायचं? गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं. बाजाराच्या दिवशी, दर आठवड्याला, फक्त दहावा हिस्सा. सगळं एकदम कधी बदलायचं नाही आणि बदलायचं कधी सोडायचंही नाही. उन्हानं उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र बिनमिठाचं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. हे ऐकून शेजारचे काकासाहेब कपाळावर हात मारायचे. गावात नळाला आठ-दहा दिवस पाणी नाही आणि हा गृहस्थ दर बाजाराला माशांचं पाणी ओतून देतो!

"गुरुजी, माणसाला प्यायला न्हाई, अन् तुम्ही माशायला दर आठवड्याला नवं नेसवता व्हय?" ते विचारायचे.

"थोडं थोडं बदलतो म्हणून थोडक्यात भागतं," गुरुजी म्हणायचे. "तुंबू दिलं की मंग समदंच जातं."

गिरिजाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, या चर्चेत पडायच्या नाहीत. माझं काढलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते एकदा कढीपत्त्याला घातलं होतं. खारट पाण्यानं कढीपत्ता जळून गेला. तेव्हापासून मी म्हणजे गुरुजींचं खूळ, असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते.

मग गुरुजींना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यातून आल्यावर त्यांची बाज माझ्यासमोर टाकली. ते दिवसभर माझ्याकडे बघायचे. प्रवाळ फुललं की त्यांच्या डाव्या गालावर हसू यायचं. जेवायला नको म्हणणारा माणूस माशांना खाताना बघून दोन घास घ्यायचा. गिरिजाबाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी मनाशी पक्कं केलं, हे मासे जगले तर माझा माणूस जगेल.

सुरुवातीला त्यांनी नुसती भर घातली, बदललं काहीच नाही. पाणी पिवळं पडलं, काचेवर शेवाळ धरलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, पायलनं, फोनवर वडिलांच्या नियमाची आठवण करून दिली. मिठाचं मापही सांगितलं. पण नेमका उन्हाळा कडक होता. जारवाल्याची बोअर आटली. आलं ते टँकरचं पाणी, चहासारखं गढूळ.

गढूळ पाण्याचं काय करायचं, हे आपल्याकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. गिरिजाबाईंनी बादलीत तुरटी फिरवली. गाळ बसू दिला, पाणी पांढऱ्या फडक्यानं गाळलं, मीठ विरघळवलं. पाणी आरशासारखं दिसत होतं. मित्रांनो, तुरटीनं माणसाचं पाणी निवळतं, पण प्रवाळाला ती विष असते. गुरुजींना हे माहीत होतं. बादली माझ्याकडे येताना पाहून त्यांनी डावा हात उचलला. घशातून आवाज काढला. पुन्हा काढला.

"तहान लागली व्हय?" म्हणत गिरिजाबाईंनी पेला त्यांच्या तोंडाला लावला.

त्यांनी मान हिसडली. पाणी सदऱ्यावर सांडलं. त्यांचा हात माझ्याकडे वळलेला बघून बाईंना वाटलं, पाणी कमी पडलं.

"बरं, बरं, अजून टाकते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरीही बादली ओतली.

मलाही तोंड नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

प्रवाळं मिटली ती उघडलीच नाहीत. ती सुकताना बघून बाईंना वाटलं, पाणी घाण झालं. त्या दर आठवड्याऐवजी रोज पाणी बदलू लागल्या, आणि रोज गुरुजींचा हात वर जायचा. शेवटी मासेही गेले. त्या दिवशी गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जेवण जवळजवळ सोडलं.

पायल धावत आली. माझा रिकामा तळ बघून तिनं विचारलं, "आई, पाणी कोणतं टाकत होतीस?"

"टँकरचंच की. पण तुरटी फिरवून, गाळून दिलं," गिरिजाबाई म्हणाल्या. "आपण पेतो त्याच्याहून साफ दिलं म्या. तरी कसे गेले गं?"

पायलचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. गुरुजींनी कितीतरी दिवसांनी तोंड इकडे वळवलं होतं. त्यांनी डावा हात उचलला आणि लेकीकडे बघून हळूहळू हलवला. नको. सांगू नको.

"ऊन लई होतं, आई," पायल म्हणाली. "उन्हानं गेले."

गुरुजींचा हात खाली पडला. तो पुन्हा उचललेला मी पाहिला नाही.

मित्रांनो, पाणी किती दिवसांनी बदलावं, हे कोणीही सांगेल. पण ज्याला तुम्ही सांभाळता त्याला बोलता येत नसेल, तर हातातली बादली आधी खाली ठेवा आणि त्याच्याकडे नीट बघा. या घरात माया काही कमी नव्हती. बिचाऱ्या गिरिजाबाई अजूनही बाजेपाशी बसतात आणि विचारतात, "अहो, माझं काय चुकलं?" गुरुजी डोळे मिटून घेतात.